शहाण्णव कॅमेरे आणि ओक-बुन अक्का

गुन्सान बंदरामागच्या झाकल्या बाजारात कुक मान-सोकला ओळखत नाही असा दुकानदार नव्हता. तिसऱ्या गल्लीत बावीस वर्षं त्याचं शिंप्याचं दुकान होतं. तयार कपडे आले आणि ते दुकान बसलं. पुढे सुक्या मासळीच्या गल्लीला आग लागली. दुकानदारांच्या संघटनेनं आठ कॅमेरे बसवले आणि ती ते बघायला माणूस शोधू लागली, तेव्हा मान-सोकनं कात्री बांधून ठेवली आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत जाऊन बसला. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. आठाचे शहाण्णव कॅमेरे झाले, डोक्यावरचे केस गेले, बायको गेली; खोली मात्र तीच राहिली.

शिंप्याची नजर त्याला तिथं कामाला आली. माणूस पाठमोरा असला तरी तो खांद्यांवरून ओळखायचा. कुणाचा उजवा खांदा पडलेला, कोण डाव्या पायावर भार देऊन चालतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. कुणाची पिशवी गेली, कुणाचा गल्ला फुटला, की लोक धावत वर यायचे आणि म्हणायचे, "मान-सोक, बघ रे जरा!"

सगळ्यांत जास्त वेळा वर यायची ती मा ओक-बुन. चौथ्या गल्लीच्या कोपऱ्यावर तिचं सुक्या मासळीचं आणि समुद्रशेवाळाचं दुकान होतं. मान-सोकपेक्षा ती सोळा वर्षांनी मोठी. तो तिला अक्का म्हणायचा. गल्लीत काहीही पडलेलं सापडलं, हातमोजा, छत्री, चाव्यांचा जुडगा, की ती जिना चढून वर यायची आणि ते त्याच्या टेबलावर ठेवायची.

"घे. कुणाचं तरी हरवलंय. तुझ्या त्या टीव्हीच्या डब्यांत बघ आणि देऊन टाक."

"अक्का, एका हातमोज्यासाठी अठरा पायऱ्या चढलीस?"

"ज्याचा हरवला त्याचा एक हात गारठलाय ना? बघ म्हटलं की बघावं."

एकदा तर तिनं रडणारी तीन वर्षांची मुलगीच कडेवर घेऊन आणली होती. मान-सोकची बायको वारल्यानंतर त्याच्या दर वाढदिवसाला ओक-बुन तिथल्या रिवाजाप्रमाणे शेवाळाच्या सूपचा डबा घेऊन यायची, टेबलावर ठेवायची आणि मान-सोक शेवटचा घोट पिईपर्यंत समोर उभी राहायची.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी ती सुटे पैसे चुकीचे देऊ लागली. पुढे एकाच गिऱ्हाइकाला तीनदा "काय देऊ?" विचारू लागली. सून मि-राननं दुकान हातात घेतलं. मुलगा सांग-थे मालवाहू जहाजावर इंजिन बघायचा, वर्षातले आठ महिने समुद्रावरच असायचा. ओक-बुन आता जांभळं जाड जाकीट घालून दुकानातल्या खुर्चीवर बसून असायची. गुडघे गेल्यामुळे तिचं वर येणं बंद झालं होतं.

त्याच शरद ऋतूत नियम आला. कॅमेऱ्यांच्या खोलीला कुलूप हवं, आत फक्त नेमलेला माणूस. मान-सोकनं दाराला आपोआप बंद होणारं कुलूप बसवलं आणि 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' असा कागद स्वतःच्या हातानं चिकटवला. एकोणीस वर्षांत ते दार पहिल्यांदा बंद झालं.

जानेवारीत एका दुपारी बर्फ पडत असताना मि-रान खोकी उतरवून घ्यायला ट्रककडे गेली. दहा मिनिटांत परत आली तर खुर्ची रिकामी. शेजारपाजारी बघितलं, संडासात बघितलं, मग ती धापा टाकत वर आली. मान-सोकनं तिला आत घेतलं आणि दोघं पडद्यांसमोर बसली.

पण शोधायचं कुठे? शहाण्णव कॅमेरे सहा वेगवेगळ्या रेकॉर्डरांवर होते आणि सहा रेकॉर्डरांची सहा घड्याळं. एक अकरा मिनिटं मागे, एक सात मिनिटं पुढे. एरवी हे हिशेब त्याच्या जिभेवर असायचे, त्या दिवशी डोकं चालेना. एक कॅमेरा उघडायचा, मागे न्यायचा, पुढे न्यायचा, बंद करायचा, दुसरा उघडायचा. मि-रान सारखी म्हणत होती, "काका, हा बघा, हा बघा." असं करत अडीच तास गेले. पोलीस आले, त्यांनी चारही दरवाजांचं चित्रण बघितलं. ओक-बुन बाहेर पडताना कुठेच दिसली नाही, म्हणून रात्रभर बाजाराच्या आतच शोध चालला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाच्या लाद्या आणणाऱ्याला ती मागच्या अंगणात सापडली. मासळीच्या रिकाम्या क्रेटांच्या आडोशाला, भिंतीला पाठ टेकून बसलेली. थंडीनं गेली, असं डॉक्टरांनी लिहिलं. त्या अंगणात कॅमेरा नव्हता.

मान-सोकला कुणी बोल लावला नाही. सांग-थे जहाजावरून तीन दिवसांसाठी आला, मान-सोकपुढे कंबरेत वाकला आणि म्हणाला, "काका, तुम्ही फार शोधलंत. आमच्यासाठी फार केलंत." त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मान-सोकला वाटलं.

मार्चमध्ये बाजाराला सरकारी मदत मंजूर झाली आणि कॅमेऱ्यांची व्यवस्था बदलायचं ठरलं. संघटनेचे अध्यक्ष बांग यांचं तळलेल्या कोंबडीचं दुकान. ते हातातला चिमटा न ठेवताच म्हणाले, "कुकसाहेब, कॅमेरे ठीक आहेत, पण ते चालवणारं सॉफ्टवेअर म्हणे नवं घ्यावं लागतं. तीन कंपन्या येतायत. तुम्ही बघा नि सांगा. मला विचाराल तर पहिली बरी. पाऊणशे इंची टीव्ही फुकट देतेय."

"अध्यक्ष, टीव्ही मोठा झाला म्हणून माणूस सापडतो का?"

"सापडतो की नाही ते तुम्ही बघा. टीव्ही मी बघतो," बांग हसत म्हणाले. मान-सोक हसला नाही.

त्यानं शाळकरी पोरासारखी वही घातली. जुने आणि नवे, वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकत्र चालतील का? इंटरनेट गेलं तर काय? एखादं चित्रण पोलिसांना दिलं तर ते त्यांच्या संगणकावर सरळ उघडेल का, आणि त्यातल्या बाकीच्या लोकांचे चेहरे झाकता येतील का? पैसे एकदाच द्यायचे की दर कॅमेऱ्यामागे दर वर्षी? हे सगळं त्यानं लिहिलं. पण खरी परीक्षा वहीत नव्हती, ती टेबलाच्या खणात होती. त्या जानेवारीच्या दिवसाचं शहाण्णव कॅमेऱ्यांचं चित्रण त्यानं पोलिसांसाठी एका डिस्कवर उतरवलं होतं. प्रकरण बंद झाल्यावर नियमानं ते पुसायला हवं होतं. त्याच्या हातून ते पुसलं गेलं नव्हतं.

तिन्ही कंपन्यांना त्यानं तीच डिस्क दिली आणि एवढंच सांगितलं, "एक म्हातारी बाई. जांभळं जाकीट. साडेतीनच्या आसपास चौथ्या गल्लीतल्या दुकानातून उठली. कुठे गेली ते दाखवा."

पहिल्या कंपनीची दोन माणसं कोट-टाय घालून आली. त्यांचं सॉफ्टवेअर फक्त त्यांचेच कॅमेरे ओळखायचं, म्हणजे बाजारातले निम्म्याहून जास्त कॅमेरे भंगारात घालावे लागणार. तरी मान-सोकनं शोध घ्यायला लावला. पडद्यावर सव्वाचारशे चौकोन उमटले. जांभळी रताळी, जांभळ्या छत्र्या, कांद्याची पोती, एका दुकानाची अख्खी ताडपत्री.

"साहेब, तुमच्या बाजारात जांभळं फार आहे हो," त्यांच्यातला एक म्हणाला.

"बाजार आहे तो," मान-सोक म्हणाला. "रंगीतच असणार."

दुसऱ्या कंपनीचा माणूस गोड बोलणारा होता. त्यांचं सगळं काम बाहेरच्या मोठ्या संगणकांवर, इथे फक्त एक छोटी डबी. मान-सोकनं इंटरनेटची वायर उपटून बघितली, तर पडदे काळे पडले. वायर पुन्हा लावली. या सॉफ्टवेअरला ओक-बुन तीन ठिकाणी सापडली आणि मग हरवली.

"असं का झालं?"

"आजीबाई फार हळू चालतात ना," तो माणूस म्हणाला. "मधेमधे थांबतात. मग सिस्टिम त्यांना माणूस न समजता ठेवलेलं सामान समजते."

मान-सोकनं वही मिटली आणि त्याला जायला सांगितलं.

तिसऱ्या कंपनीकडून नामगुंग नावाची बाई आली. पंचेचाळिशीची असेल. जोन्जूहून बसनं एकटीच आली होती, खांद्याला लॅपटॉप, हातात जवाच्या चहाचा थर्मास. काही दाखवायच्या आधी तिनंच प्रश्न विचारायला सुरुवात केली. इथे कोण बसतं? रजेवर गेलात तर कोण? चित्रण मागायला कोण कोण येतं? तुम्ही नाही कुणाला म्हणता? मान-सोकला ती आवडली. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारी होती.

डिस्क लावल्यावर ती म्हणाली, "सहा घड्याळं? मग आधी ती जुळवायला हवीत. नाहीतर मी काहीही दाखवलं तरी खोटं."

"जुळवणार कशी? तो दिवस तर गेला."

"सगळ्या बाजारात एकाच क्षणी घडणारं असं काही आहे का?"

मान-सोकनं विचार केला. "छपराचे दिवे. एकाच बटणावर आहेत. हिवाळ्यात संध्याकाळी चार वाजता लागतात."

बाईनं मान डोलावली. शहाण्णव चित्रांत उजेड वाढला तो क्षण तिनं सॉफ्टवेअरला धरायला लावला, आणि सहा घड्याळं एका ओळीत आली. ती जुळवून द्या म्हणून आठ वर्षं तो संघटनेकडे अर्ज करत होता, ते तिनं चहा निवायच्या आत केलं. ते त्या दिवशी झालं असतं तर, हा विचार त्यानं जमेल तितका मागे ढकलला.

मग तिनं चौथ्या गल्लीतल्या खुर्चीवरच्या आकृतीवर बोट ठेवलं आणि शोध सुरू केला. चाळीस सेकंदांत चित्रं एकापुढे एक मांडून आली. ओक-बुन खुर्चीतून उठली. दुसऱ्या गल्लीतून गेली. तिसऱ्या गल्लीत एका दुकानापुढे थांबली आणि आत डोकावली. ते आता मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याचं दुकान होतं. एके काळी ते मान-सोकचं होतं. विकणाऱ्यानं काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली आणि पुढे निघाली.

"आता बाजूच्या जिन्यावर," नामगुंग बाई म्हणाली.

"नाही, नाही. ती दुसरी कुणी असेल. तिला जिना चढवत नव्हता."

"तीच आहे. बघा."

तीच होती. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मधे बसून पुन्हा उठत. अठरा पायऱ्यांना तिला सहा मिनिटं लागली. पुढचं चित्र एक्याण्णव क्रमांकाच्या कॅमेऱ्याचं, वरच्या मजल्यावरच्या बोळातलं. तो कॅमेरा त्या दिवशी कुणी उघडलाच नव्हता. गुडघे गेलेली बाई वर कशाला येईल?

ओक-बुन बोळातून चालत आली आणि या खोलीच्या दारापुढे उभी राहिली. वेळ तीन बावन्न. तीन पन्नासला मि-रान आत आली होती. एक जण बाजूच्या जिन्याच्या पायरीवर बसलेली असताना दुसरी समोरच्या जिन्यानं धावत वर गेली होती.

ओक-बुननं दार ढकललं. ते हललं नाही. तिनं कागदाकडे बघितलं. मग तळहात दारावर टेकवला आणि तशीच उभी राहिली. दार वाजवलं नाही. आत रेकॉर्डरांचे पंखे घोंघावत होते आणि ते दोघं पडद्यांत तिला शोधत होते. एक मिनिट चाळीस सेकंद ती तशी उभी होती. मग हात काढला, वळली आणि अंगणाकडे उतरणाऱ्या मागच्या जिन्यानं खाली गेली.

नामगुंग बाईनं दाराकडे बघितलं, मग पडद्यावरच्या दाराकडे बघितलं, आणि तिला समजलं.

"कोण होत्या तुमच्या?" तिनं हळूच विचारलं.

"अक्का."

"बंद करू का?"

"नको. पुन्हा लावा."

"लावते. पण एक सांगून ठेवते, आमच्यात कुणी काय बघितलं, किती वेळा बघितलं, याची नोंद राहते. पुसता येत नाही."

"राहू दे," मान-सोक म्हणाला. "राहायलाच हवी."

त्यानं ते पाच वेळा बघितलं. ओक-बुनचे दोन्ही हात रिकामे होते. या खोलीत ती रिकाम्या हातांनी कधी आली नव्हती. हरवलेलं काही ती इथे आणून द्यायची. त्या दिवशी ती स्वतःच हरवली होती, आणि तेवढी एक गोष्ट तिच्या लक्षात राहिली होती की हरवलेलं इथे आणायचं असतं. हे त्याला उमगलं तेव्हा तो उठला आणि खिडकीजवळ जाऊन भिंतीला धरून उभा राहिला.

आठवडाभर तो ते पोटात घेऊन हिंडला. न सांगितलं तर कुणाला कळणार नव्हतं. सांगून ओक-बुन परत येणार नव्हती. आठव्या दिवशी सकाळी तो मि-रानच्या दुकानी गेला. ती शेवाळाच्या जुड्या बांधत होती.

"पोरी, तुला एक सांगायचंय. त्या दिवसाचं."

तिचे हात थांबले नाहीत. "सांगा."

त्यानं सगळं सांगितलं, घड्याळांपासून दारापर्यंत. ती जुड्या बांधत राहिली. एक गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याला तिनं पाव किलो मासळी तोलून दिली. मग विचारलं, "वाजवलं होतं का त्यांनी दार?"

"नाही. हात ठेवला होता नुसता."

"आणि आपण दोघं आत."

"हो."

"मी बडबडत होते ना? हा बघा, हा बघा करून?" तिचा आवाज चिरकला. "मी गप्प बसले असते तर कदाचित..."

"नाही गं. पंख्यांच्या आवाजात काही ऐकू आलं नसतं. कुलूप मी लावलं होतं."

"कुलूप नियमानं लावलं होतं, काका. ट्रककडे मी गेले होते, ते कुठल्या नियमानं?" तिनं कातर खाली ठेवली. "मला बघायचंय."

त्यानं तिला वर नेलं आणि दाखवलं. तिनं एकदाच बघितलं. ओक-बुन दारापाशी आली तेव्हा मि-राननं पडद्याला बोट लावलं. "जाकिटाची बटणं चुकलीत. सकाळी घाईत मी लावली होती." एवढं बोलून ती तोंडाला पदर लावावा तसा कामाचा एप्रन लावून रडली. जाताना दारात थांबून म्हणाली, "ह्यांना मी सांगेन. जहाज बंदराला लागलं की. तुम्ही फोन करू नका."

एप्रिलमध्ये संघटनेची सभा झाली. मान-सोकनं उभं राहून तिसऱ्या कंपनीचं नाव सांगितलं आणि वहीतली कारणं वाचली. बांग अध्यक्षांनी फुकटच्या टीव्हीचा नाद सोडला, पण आकडा बघून म्हणाले, "कुकसाहेब, हे दर कॅमेऱ्यामागे पैसे घेतायत. मदतीत साठ बसतात. छत्तीस कॅमेरे सोडावे लागतील. कुठले सोडायचे ते आत्ताच ठरवू."

लोक भराभर बोलू लागले. गोदामाचा सोडा. पाण्याच्या टाकीचा सोडा.

"आणि तो वरच्या बोळातला," झिंगे विकणारा एक जण म्हणाला. "तिथे कोण कुत्रं जातंय? कुकसाहेब स्वतःलाच बघणार का?"

दोघं-तिघं हसले. मान-सोक काही बोलायच्या आत मागून मि-रान उठली.

"एक्याण्णव राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या सासूबाई शेवटच्या तिथंच दिसल्यात."

बांग यांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. झिंगेवाला उठून तिच्याजवळ गेला आणि कंबरेत वाकला. मान-सोकनं मग सगळ्यांना सगळं सांगितलं. डिस्क ठेवून घेतल्याचंही सांगितलं, आणि त्यासाठी काय शिक्षा करायची ती करा म्हणाला. कुणी काही केलं नाही. डिस्क त्यानं मि-रानसमोर पुसली.

साठ कॅमेऱ्यांवर नवं सॉफ्टवेअर बसलं. मागच्या अंगणातही एक कॅमेरा लागला. मान-सोकनं नियमाचं पत्र पुन्हा काढून नीट वाचलं. कुलूप तर काढता येत नव्हतं, पण दाराबाहेर घंटा बसवायला कुणी मनाई केलेली नव्हती. त्यानं ती कमरेच्या उंचीवर बसवली. जहाज बंदराला लागल्यावर सांग-थेचा फोन मि-रानला आला. मान-सोकला आला नाही. तो पुढेही कधी आला नाही. मान-सोकनं त्या फोनची वाट बघणं सोडलं नाही आणि सांग-थेला दोषही दिला नाही.

मेच्या शेवटी एका गर्दीच्या दुपारी चार वर्षांचा मुलगा आईचा हात सोडून गेला. आई वर धावत आली. मान-सोकनं शोधात पिवळी टोपी, निळी चड्डी असं टाकलं, आणि मुलगा पहिल्या गल्लीत खेकड्यांच्या टबात बोट घालताना सापडला. खाली टाळ्या वाजल्या. बांग अध्यक्षांनी माईकवरून सगळ्या बाजाराला सांगितलं. संध्याकाळी मुलाची आई तांदळाच्या वड्यांचा डबा घेऊन आली, मान-सोकचे दोन्ही हात धरून रडली, हसली आणि गेली.

मान-सोक डबा घेऊन चौथ्या गल्लीत गेला आणि तो मि-रानच्या फळीवर ठेवला.

"किती वेळ लागला?" तिनं विचारलं.

"सत्तर सेकंद."

"चांगलं झालं," मि-रान म्हणाली आणि तोंड फिरवून शेवाळाच्या जुड्यांकडे बघत राहिली. तिचे खांदे हलत होते. मान-सोक बाजूला उभा राहिला. तेवढ्यात एक बाई आली आणि सूपच्या मासळीचा भाव विचारू लागली. एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं. मि-रानच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून भाव मान-सोकनं सांगितला.